थोरली सात वेळा आली

त्या कलाकेंद्रात नियम एकच होता आणि तो मास्तरांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता: एक खोली, दोन माणसं, एक दार. पहिलावहिला चित्रपट करणाऱ्यानं एवढ्यात काय ते करून दाखवायचं, दहा मिनिटांत, आणि तेही स्वतःच्या घरात. "स्वतःची खोली नीट दाखवता येत नाही त्यानं राजवाड्यांच्या गप्पा मारू नयेत," असं मास्तर म्हणायचे. मास्तर उमेदीत रंगभूमीवर होते, आता शिकवायचे. बोलणं ऐकायला झणझणीत आणि निभवायला जड.

केंद्र म्हणजे पूर्वीची कपडे धुण्याची मोठी इमारत. ओल्या चादरी टांगायचे हूक अजून छताला आहेत, फरशीला मधोमध उतार आहे, आणि हवा दमट झाली की भिंतींना साबणाचा वास सुटतो. तिथं आठवड्यातून तीनदा अभिनयाचा वर्ग भरायचा. वर्गाला यायचं कोण, तर दुकान बंद करून आलेले, ड्यूटी संपवून आलेले, घरी "जरा जाऊन येते" म्हणून सटकलेले. त्यात एक पार्लरवाली होती, एक लिफ्टा दुरुस्त करणारा होता, आणि एक होती धाकटी.

धाकटी सत्तेचाळीस वर्षांची. पण घरात एकदा नाव पडलं की पडलं, केस पिकले म्हणून कोण बदलतंय! ती पडदे शिवायची, घरच्या घरी, कारण आईला एकटं सोडता येत नव्हतं. आईनं पस्तीस वर्षं एका शाळेत घंटा वाजवली. एका मिनिटाचा फरक कधी पडू दिला नाही म्हणे. आणि आता त्याच बाईला सकाळ झाली की दुपार हेही सांगता येत नव्हतं. कधी ती धाकटीला ओळखायची, कधी "अहो पडदेवाल्या बाई" म्हणायची. एक गोष्ट मात्र विसरली नव्हती. थोरली घरी यायची आहे.

थोरली कुठली येणार! चार वर्षांपूर्वी दूरच्या शहरात आजारपणात ती गेली. धाकटीनं आईला ते सांगितलं, एकदा नव्हे, तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा आईनं नव्यानं ऐकल्यासारखा आकांत केला, आणि तासाभरानं डोळे पुसून विचारलं, "थोरली आली का गं?" चौथ्यांदा सांगायचं धाकटीच्या जिवावर आलं. मग ती म्हणायला लागली, "येईल संध्याकाळपर्यंत." रोजच्या रोज, न चुकता.

आता खरं दुखणं सांगते. एकोणीस वर्षांपूर्वी थोरली घर सोडून गेली ती धाकटीमुळे. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं धाकटीच्या अंगावर. थोरली वर्षभर बाहेरगावी नोकरी करून परत आली, आणि अंगावरचा कोट काढून खुर्चीवर टाकत नाही तोच म्हणाली, "मी आता तिकडंच राहणार." धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणाली, "जायचं तर जा. पण पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस." थोरली एक नंबरची हट्टी. कोट तसाच टाकून जी गेली ती बाबांच्या मरणालासुद्धा फिरकली नाही. आई त्या वेळी आतल्या खोलीत झोपली होती. उठल्यावर तिनं विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, "गेली. तिची ती गेली." हे खोटं तिनं एकोणीस वर्षं पोटात ठेवलं.

तेव्हा तिनं लिहिलेला चित्रपट काय असणार, तुम्हीच सांगा. थोरली दारातून येते, आईपाशी बसते, उठते आणि जाते. बस, एवढंच. चित्रपटाची हौस वगैरे बाजूला ठेवा. तिला थोरलीला एकदा त्या दारातून आत येताना बघायचं होतं, आणि या खेपेला स्वतः तोंड मिटून बसायचं होतं.

थोरलीचं काम पार्लरवालीकडं आलं. पोरगी मनस्वी. दिवसभर लोकांचे केस कापताना त्यांच्या हकिगती ऐकायची, आणि भूमिकेत शिरली की चहासुद्धा त्या माणसासारखा प्यायची. आईच्या कामाला वर्गातल्या एक निवृत्त ग्रंथपालबाई होत्या. पण शूटिंगच्या आदल्या दिवशी मास्तर जागा बघायला घरी आले आणि सगळं फिसकटलं. दारासमोरची खुर्ची ही आईची खुर्ची. ती काही केल्या उठेना. ग्रंथपालबाई बिचाऱ्या स्टुलावर अवघडून बसलेल्या. मास्तरांनी आईच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. आई दाराकडं बघत होती.

"यांनाच घ्या," मास्तर म्हणाले.

"अहो, तिला काय कळणार त्यातलं?"

"कळायचंय काय त्यात? मुलगी आली की बघायचं. ते त्या आत्ताही करतायत."

धाकटी नको म्हणाली. पुन्हा एकदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा काहीच बोलली नाही, आणि ग्रंथपालबाईंनी समजून पर्स उचलली. नंतर धाकटीनं स्वतःची समजूत घातली ती अशी: आईला तेवढाच आनंद. खोटं नव्हतंच ते. तेवढ्यावर थांबायला मात्र हवं होतं.

शूटिंगच्या दिवशी सकाळी कपाटातून थोरलीचा तो निळा कोट निघाला. पार्लरवालीला तो शिवून घेतल्यासारखा बसला. केंद्राचा मोठा कॅमेरा पहिल्यांदाच मिळाला होता आणि तो लिफ्टवाल्याकडं होता. छोट्या कॅमेऱ्यावर तो सहा आठवडे शिकला होता. तो कॅमेरा सुरू झाला की टुक् असा आवाज करायचा. हा मोठा अगदी मुका. लिफ्टवाला जवळचा चष्मा घरी विसरून आला होता. "चष्मा कशाला लागतोय ताई? बटण एकच आहे," तो म्हणाला. मास्तर एका कडेला हाताची घडी घालून उभे राहिले. पहिला चित्रपट करणाऱ्याच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, हाही त्यांचाच दंडक.

"ॲक्शन!" धाकटी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज चिरकला.

दार उघडलं आणि निळा कोट आत आला. आईनं मान वर केली. काय सांगू तुम्हाला! त्या सुरकुतलेल्या तोंडावर जे उमटलं ते बघून मास्तरांची घडीसुद्धा सुटली. "आलीस!" आई म्हणाली. "किती गं वाट बघायला लावलीस!" पण तेवढ्यात माईकची काठी कॅमेऱ्याच्या चौकटीत डोकावली आणि पार्लरवालीला पुन्हा बाहेर पाठवावं लागलं. दुसऱ्यांदा खाली रस्त्यावर ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून धरला. एकदा दारच अडकलं. एकदा पार्लरवालीनं कॅमेऱ्याकडं बघितलं. दर वेळी दार लागायचं, दोन मिनिटं जायची, दार उघडायचं, आणि आई पहिल्यांदाच बघितल्यासारखी फुलायची. "आलीस!" असं करत थोरली सात वेळा घरी आली. सातही वेळा धाकटी भिंतीला टेकून तोंड मिटून उभी राहिली. एकोणीस वर्षांत एवढं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

इथं "पॅक अप" म्हणायला हवं होतं. पण कागदावर पुढं लिहिलं होतं: थोरली उठते आणि जाते.

पहिल्याच वेळी आईनं कोटाची बाही धरली. पार्लरवाली गोंधळून थांबली. "कट! आई, बाही सोड. तू नुसतं बघायचंस." दुसऱ्यांदा आई खुर्चीतून उठायला गेली. "कट! आई, बस. बस म्हणते ना!" पार्लरवाली परत येऊन बसली की आईच्या जिवात जीव यायचा, आणि उठली की पुन्हा तेच. मध्ये उजेड बदलला. पडदा कुठं ओढायचा यावरून धाकटी आणि लिफ्टवाला हुज्जत घालत राहिले. पडदेवालीच ती, पडद्यावरून कुणाचं ऐकणार आहे! चौथ्यांदा आई दाराकडं न बघता मांडीत बघायला लागली. "कट!" म्हणून धाकटी पुढं गेली, आईची हनुवटी धरली आणि तोंड दाराकडं फिरवलं. पाचव्या वेळी सगळं जमलं. थोरली गेली, दार लागलं, आई बघत राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई रडत होती. टाळ्यांच्या गडबडीत ते कळायला धाकटीला जरा उशीरच झाला.

त्या दिवसापासून आईनं जेवण सोडलं. दुधाचा घोट घ्यायची तेवढाच. निळा कोट मांडीवर घेऊन दाराकडं बघत बसायची. "येईल संध्याकाळपर्यंत," धाकटी म्हणायची. आधी हे ऐकून आई मान हलवायची. आता म्हणायची, "आली होती की. कुणीतरी तिला घालवलं." तिसऱ्या दिवशी न राहवून धाकटीनं पार्लरवालीला फोन केला, एकदा कोट घालून येऊन जा म्हणून. पार्लरवाली म्हणाली, "ताई, येईन. पण मग जायचं कसं, ते सांगा." धाकटीनं फोन ठेवला.

चौथ्या दिवशी शेजारीणबाईंना आईपाशी बसवून धाकटी केंद्रात गेली. रविवारी सगळ्यांचे चित्रपट दाखवायचे होते. फळ्यावर तिच्या चित्रपटाचं नावही चढलं होतं: 'थोरली येते'. संकलनाची खोली म्हणजे पूर्वीची बॉयलरची खोली, खिडकी नाही, चार खुर्च्या आणि एक पडदा. मास्तर, लिफ्टवाला आणि पार्लरवाली आधीच येऊन बसले होते. लिफ्टवाल्यानं आज चष्मा लावला होता.

पहिला तुकडा सुरू झाला. पडद्यावर पार्लरवाली दरवाजा ओढून बाहेर चाललेली, पाठमोरी. कुणीतरी माईकची काठी वर घेतंय. मग धाकटीचा आवाज, "ॲक्शन!" आणि काळोख.

"हे काय?" मास्तर म्हणाले. "पुढचा लावा."

पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. प्रत्येक तुकडा "कट" झाल्यावर सुरू व्हायचा आणि "ॲक्शन" म्हणताच संपायचा. लिफ्टवाल्याचं तोंड उतरत गेलं. त्यानं कॅमेरा हातात घेतला, चष्मा नाकावर दाबला, बटण दाबलं, अक्षरं लावून वाचली आणि धाकटीकडं वळला.

"ताई, मला माफ करा. आमच्या लिफ्टला लाल दिवा म्हणजे थांबलेली, हिरवा म्हणजे चालू. बावीस वर्षं हेच बघतोय हो. याच्यात उलटं आहे. लाल म्हणजे चालू. मला अक्षरं दिसत नव्हती, नुसता रंग दिसत होता. बघायला म्हणून एकदा दाबलं असणार, ते लाल झालं, मला वाटलं बंद आहे. मग तुम्ही ॲक्शन म्हणालात की मी हिरवं करायचो."

म्हणजे थोरली सात वेळा आली ते एकदाही टिपलं गेलं नव्हतं. आईचं एकही "आलीस!" नव्हतं. होतं ते मधलं सगळं, जे कुणी बघायचं नसतं. धाकटीला वाटलं ओरडावं. पण तो माणूस हात जोडून उभा होता, त्याला काय ओरडणार? मास्तर म्हणाले, "आहे ते तर बघू."

आणि त्यांनी बघितलं. आई खुर्चीत, एकटी, पाठमोऱ्या माणसांच्या मध्ये. आई कुणाला तरी "पाणी" म्हणतेय आणि कुणी ऐकत नाही. मग पडद्यावर एक बाई आली, हातात कागद, केस विस्कटलेले, आणि तिनं आईची हनुवटी धरून तोंड असं फिरवलं, जसं आपण टेबलफॅनचं फिरवतो. धाकटीला एक क्षण कळेचना, ही कोण दुष्ट बाई. मग कळलं. तिला तोंड कुठं लपवावं असं झालं.

त्याच तुकड्यात पुढं पार्लरवाली आईशेजारी येऊन बसली. मागं धाकटी आणि लिफ्टवाला पुन्हा खिडकीच्या पडद्यावरून वाद घालतायत. आई पार्लरवालीकडं झुकली. माईक तिच्या डोक्यावरच होता. शब्द न् शब्द ऐकू आला.

"जाऊ नकोस गं. धाकटी बोलली ते मनाला लावून घेऊ नकोस. मी जागी होते आत. सगळं ऐकलं मी. उठावं असं वाटलं, पण नाही उठले. तुझे बाबा असे पडलेले. एक तरी पोर घरात राहायला हवी होती. तू काही राहणारी नव्हतीस. मी मध्ये पडले असते तर तीही रागावून गेली असती. म्हणून पडून राहिले." मग आई आणखी जवळ झुकली. "तिला सांगू नकोस हं. तिला वाटतं, मला माहीत नाही."

मागून धाकटीचा आवाज आला, "आई, बडबड बंद कर आता, टेक घेतोय! ॲक्शन!" आणि काळोख झाला.

धाकटी पार्लरवालीकडं वळली. "तू ऐकलंस हे. मला सांगितलं का नाहीस?"

पार्लरवालीचे डोळे भरले. "ताई, मी त्या वेळी थोरली होते. मला वाटलं, त्या माझ्याशी म्हणून बोलतायत, थोरलीशी. सांगू नको म्हणाल्या. मी हो म्हटलं मनातल्या मनात. मग कशी सांगू?"

यावर रागवायचं तरी कसं? वर्गात सगळ्यांना तेच तर शिकवलेलं. धाकटीनं तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून नुसता ऐकला.

मास्तर उठून येरझाऱ्या घालायला लागले. "हाच चित्रपट. काही कापायचं नाही. कट आणि ॲक्शनच्या मधलं, असंच्या असं. अहो, वीस वर्षं शिकवतोय मी, असं सोनं हाती लागत नाही कुणाच्या!"

"नाही, मास्तर."

"हनुवटीचं लाजू नका. तेच तर खरं आहे त्यात."

"मला लाज वाटतेय, ते बरोबरच आहे. ती लाज खुशाल दाखवा," धाकटी म्हणाली. "पण आई म्हणाली, तिला सांगू नकोस. मला चोरून कळलं ते कळलं. आता शंभर माणसांना कशी सांगू? तिला विचारायला जाऊ? ती हो म्हणेल आणि दुपारी विसरेल. एकदा तिच्या न कळण्याचा फायदा घेतला, तेवढा पुरे झाला."

मास्तर म्हणाले, "कॅमेऱ्यातलं हे कार्ड केंद्राचं आहे." ते त्यांनी रागानं म्हटलं, आणि म्हणताना स्वतःच ते काढून तिच्या हातावर ठेवलं. जाताना धाकटीनं फळ्यावरचं आपल्या चित्रपटाचं नाव हातानं पुसलं. बाहेर येऊन कार्ड बटणांच्या डबीत टाकलं, जी तिच्या पिशवीत कायम असायची.

घरी आली तेव्हा दुपार कलत होती. शेजारीणबाई म्हणाल्या, "घास नाही घेतला हो," आणि गेल्या. आई खुर्चीत होती, कोट मांडीवर. धाकटी तिच्या पायांशी बसली. सगळ्या वाटेनं तिनं वाक्यं जुळवली होती. आता एकही आठवेना.

"आई, तू जागी होतीस त्या दिवशी?"

आईनं तिच्याकडं परक्या माणसाकडं बघावं तसं अदबीनं बघितलं. "पडदे झाले का बाई तुमचे?"

"झाले."

"मग जाताना दार उघडंच ठेवा. मुली यायच्यात माझ्या."

"मुली? थोरली ना?"

"दोघी." आईनं कोटावरची सुरकुती हातानं नीट केली. "भांडण झालं दोघींचं. मी मेली पडून राहिले. त्या दिवशी गेल्या त्या, दोघीही फिरकल्या नाहीत."

एकोणीस वर्षं! बाबांचं केलं, हिचं केलं, पडदे शिवून घर चालवलं, एक रात्र बाहेर राहिली नाही ती. धाकटीला हंबरडा फोडावासा वाटला. अगं, मी इथंच आहे, मी गेलेच कुठं! पण मग वाटलं, आई कदाचित बरोबर म्हणत असेल. त्या दारात उभी राहून बहिणीला जा म्हणणारी पोरगी त्या दिवसानंतर आईला पुन्हा दिसली नसेल. खोटं बोलायला लागलेली कुणी एक बाई घरात राहिली, पडदे शिवणारी.

धाकटी उठली. दाराबाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभी राहिली. वर्गात मास्तर सांगायचे, आत येण्याआधी माहीत हवं, आपण कुठून येतोय. तिला माहीत होतं. तिनं दार उघडलं.

"आई, मी आले."

आईनं मान वर केली. बघितलं. आणि तोंडभर तेच फुललं, जे सात वेळा फुललं होतं आणि एकदाही टिपलं गेलं नव्हतं. "आलीस! अगं धाकटे, किती वाट बघायला लावलीस!"

धाकटीनं धावत जाऊन तिच्या मांडीत डोकं खुपसलं, त्या कोटातच. आई तिच्या पिकल्या केसांवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं धाकटी म्हणाली, "आई, चल, जेवून घे. मी भरवते."

आईनं तिच्या खांद्यावरून दाराकडं बघितलं. "थांब की जरा. थोरलीला येऊ दे. तू तिला घेऊन यायचंस ना गं बरोबर?"

धाकटीच्या ओठांवर रोजचं वाक्य आलं, संध्याकाळपर्यंत येईल. ते तिनं गिळलं. "मीच तिला नको येऊस म्हटलं होतं, आई," ती म्हणाली.

आईचा हात केसांवर थांबला. थोड्या वेळानं हात पुन्हा फिरायला लागला. ताट झाकून ठेवलेलंच राहिलं, दार उघडंच राहिलं, आणि दोघी त्या दाराकडं बघत बसल्या.